खतात रंगीत तुकडे दिसले म्हणून खत करणं सोडू नका

पत्र

नमस्कार ताई. आम्ही पुण्यात सोसायटीत राहतो, गच्चीवर सासूबाईंची छोटी बाग आहे, मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा असं सगळं त्या लावतात. खत दोन ठिकाणचं वापरतो, थोडं घरच्या बास्केटमधलं आणि बाकी सोसायटीच्या मशीनचं. परवा सोसायटीचं खत चाळताना त्यात निळे-पांढरे पातळ तुकडे, हिरवे धागे आणि काहीतरी चमचमणारं दिसलं. घरच्या खतात पण थोडं सापडलं. मुलगी कॉलेजला आहे, ती म्हणते आई हे मायक्रोप्लास्टिक आहे, सगळं फेकून दे आणि ओला कचरा सरळ गाडीला देत जा. सासूबाई म्हणतात इतकी वर्षं खातोय, काय झालंय आपल्याला. कमिटी म्हणते सगळ्यांना बायोडिग्रेडेबल पिशव्या वाटू म्हणजे विषय संपला. भाजी खायची का? खत फेकू का? आणि गावाला दिरांच्या शेतात दोन पोती पाठवायची होती, ती पाठवू का?
— एक वाचक, पुणे

उत्तर

ताई, आधी सरळ उत्तरं देते म्हणजे जीव थाऱ्यावर येईल. घरचं खत वापरत रहा. सोसायटीचं जे खत घरात येऊन पडलंय ते फेकू नका, पण मेथी-पालकाच्या कुंडीत सध्या घालू नका, कुठे घालायचं ते खाली सांगते. भाजी खा, नीट धुऊन खा. शेतात पोती सध्या पाठवू नका. आणि पिशव्या वाटायचा कमिटीचा जो बेत आहे ना तो मात्र कसंही करून थांबवा, कारण त्याने विषय संपणार नाहीये, वाढणार आहे.

आता एकेक करून.

मुलीने नाव बरोबर ओळखलंय. ५ मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकचा तुकडा म्हणजे मायक्रोप्लास्टिक. तुम्हाला जे डोळ्यांना दिसले त्यातले काही याच्यापेक्षा मोठे असतील, म्हणजे आज ते नुसतं प्लास्टिक आहे, पण गच्चीवरच्या उन्हात, खुरप्याखाली आणि रोजच्या पाण्यात त्याचे आणखी तुकडे होत जातात आणि मग ते चाळणीतही अडकत नाहीत, हाताने उचलता येत नाहीत. आणि खताच्या डब्यात अजून एक गोष्ट होते जी फारसं कोणी सांगत नाही. केळीची सालं, भाजीची देठं, उरलेला भात हे कुजतं तेव्हा त्यातलं पाणी उडून जातं, कार्बनचा मोठा भाग वायू होऊन हवेत जातो, आणि साधारण दहा किलो ओल्या कचऱ्याचं दोन-अडीच किलो खत उरतं. प्लास्टिक मात्र ग्रॅमभरही कमी होत नाही. म्हणजे कचऱ्यात जेवढं प्लास्टिक किलोमागे होतं त्याच्या चार-पाच पट ते खतात किलोमागे होतं, कोणी नवीन घातलं नाही तरी. म्हणून ओल्या कचऱ्याच्या बादलीत "एवढंसंच तर आहे" वाटलेलं खतात लगेच डोळ्यावर येतं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. जर्मनीत ओला कचरा वेगळा गोळा करायची पद्धत किती जुनी आणि शिस्तीची, तरी तिथल्या बायरॉयट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली वेगवेगळ्या प्रकल्पांमधलं खत तपासलं तेव्हा एक किलो कोरड्या खतात १ मिलिमीटरपेक्षा मोठे प्लास्टिकचे कण १४ पासून ८९५ पर्यंत सापडले. एवढा फरक कशाने पडला तर कचरा कुठून आला आणि खत करायच्या आधी त्याची निवड कशी झाली याने. माझ्या मते तुमच्या सगळ्या पत्राचं उत्तर या एका गोष्टीत आहे. खत करायची पद्धत, कल्चर कुठलं, बास्केट कुठली, मशीन कितीचं याने प्लास्टिक कमी होत नाही, ते कमी होतं फक्त कचरा आत जायच्या आधी, तो हातात असताना, प्लास्टिक अजून अख्खं असताना.

म्हणून आधी ओट्याकडे बघू, कारण घरच्या खतात पण तुकडे सापडले असं तुम्ही लिहिलंय आणि तिथे तर मशीन नाहीये, म्हणजे ते घरातूनच गेलेत.

दुधाच्या पिशवीचा कोपरा. हा सगळ्यात पहिला. कात्रीने टोक कापलं की तो चिमुकला त्रिकोण ओट्यावर पडतो, ओल्या सालीला चिकटतो आणि सालींबरोबर बादलीत जातो. तुमचे ते निळे-पांढरे पातळ तुकडे मला वाटतं बरेचसे हेच असणार. टोक पूर्ण कापूच नका, थोडी चीर द्यायची आणि कोपरा पिशवीलाच लटकलेला राहू द्यायचा, मग पिशवी धुऊन वाळवून सुक्या कचऱ्यात. कचरा वेचणाऱ्या ताईंना दुधाची पिशवी विकून दोन पैसे मिळतात, सुटा कोपरा कोणीच वेचत नाही, वेचता येतच नाही. हेच मसाल्याच्या पाकिटाला, शांपूच्या सॅशेला, बिस्किटाच्या पुड्याच्या त्या ओढायच्या पट्टीला, सगळ्याला लागू.

मग हिरवे धागे. ताई, ते बहुतेक तुमच्या भांडी घासायच्या घासणीचे आहेत. ती हिरवी खरखरीत घासणी म्हणजे नायलॉन आणि पॉलिएस्टरचा गुंता असतो, रोज घासून घासून ती झिजते, आणि झिजलेलं सगळं सिंकच्या जाळीत खरकट्याबरोबर अडकतं. आपण काय करतो, जाळी उचलतो आणि तो गाळ उलटा करून ओल्या कचऱ्यात आपटतो. म्हणजे रोज न चुकता थोडं थोडं प्लास्टिक आपल्याच हाताने खतात. यावर उपाय सोपा आहे, ताटातलं खरकटं घासायच्या आधीच बादलीत झटकायचं आणि घासून झाल्यावर जाळीत जो गाळ उरतो तो खतात घालायचाच नाही. आणि जमलं तर घासणी बदला, नारळाच्या शेंडीची किंवा सुकलेल्या दोडक्याच्या, घोसाळ्याच्या जाळीची. सासूबाईंना विचारा, गच्चीवर घोसाळ्याचा वेल लावला आणि दोन घोसाळी वेलावरच वाळू दिली तर घासण्या घरच्या घरी होतील.

भाजीच्या जुड्या बघा. पूर्वी केळीच्या सोपाने नाहीतर तागाच्या सुतळीने बांधायचे, आता बऱ्याच ठिकाणी जी रंगीत किंवा पांढरी चकचकीत सुतळी येते ती प्लास्टिकची असते. मेथी निवडताना मुळांचा भाग कापतो आपण, सुतळी त्याच भागाला गुंडाळलेली असते आणि मुळांबरोबर अख्खी जाते. कापायच्या आधी सोडवून घ्यायची सवय लावा. फळांवरचे स्टिकर पण तसेच, सफरचंद, किवी, संत्र्याची साल सोलली की स्टिकरसकट टाकली. कागदाचा दिसतो पण बहुतेक स्टिकर प्लास्टिकचेच असतात, फ्रान्सने तर २०२२ पासून घरच्या खतात कुजणार नाहीत असे स्टिकर फळांवर लावायलाच बंदी केली. आपल्याकडे ते आपणच काढायचे, फळं घरी आणून धुताना एकदाच सगळे काढून टाकले की सोलताना लक्षात ठेवावं लागत नाही.

चहाची पावडर खताला उत्तम, बिनधास्त घाला. टी-बॅग मात्र फाडून आतला चहा घाला आणि पिशवी बाहेर ठेवा, कारण ती त्रिकोणी जाळीदार पिशवी बरेचदा नायलॉन किंवा पॉलिएस्टरची असते आणि साध्या कागदी दिसणाऱ्या पिशवीतही ती चिकटवायला पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे धागे मिसळलेले असतात. कागदी कप, चकचकीत कागदी ताटल्या, आतून चंदेरी असलेले द्रोण हे तर अजिबात नाही. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं होतं की अशा कपात १०० मिलिलिटर गरम पाणी १५ मिनिटं ठेवलं तर मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, आकाराचे सुमारे २५,००० कण त्यात उतरतात. १५ मिनिटांत जो थर एवढा सुटतो तो ओल्या, गरम, सतत ढवळल्या जाणाऱ्या डब्यात तीन महिने पडून राहिला तर काय होईल याचा विचार करा. हळदी-कुंकू, डोहाळेजेवण, सत्यनारायण, घरात कार्य असलं की हे सगळं एका दिवसात ढिगाने येतं, त्या दिवशी एक माणूस फक्त कचऱ्यावर नेमा, खरंच सांगते.

चमचमणारं जे दिसलं ते निर्माल्यातलं असणार. हारात आता फुलांइतकीच सजावट असते, सोनेरी जर, चंदेरी कागदासारखी पट्टी, टिकल्या, मध्ये मध्ये प्लास्टिकचे मणी, आणि ओवायला नायलॉनचा दोरा. देवाच्या गोष्टी म्हणून आपण तो हार तोडत नाही, अख्खा भक्तिभावाने खतात ठेवतो. भाव अगदी बरोबर आहे, पण मग तो दोरा आणि जर गच्चीवरच्या मातीत कायमची राहते. फुलं हाताने ओढून काढा, पाकळ्या खतात आणि दोरा-जर सुक्या कचऱ्यात. आणि पुढच्या वेळी फुलवाल्याला सांगा, सुती दोऱ्यात ओवलेला, बिनजरीचा हार द्या. मागितला की देतात. गणपतीत, नवरात्रात तर सोसायटीत निर्माल्याच्या पिंपाशेजारी कोणीतरी उभं राहायलाच हवं, कारण त्या दहा दिवसांत जेवढी जर आणि थर्माकोल त्या पिंपात पडतो तेवढा बाकी वर्षभर पडत नाही.

आणि केर. काही घरांत केर काढला की सुपलीतली धूळ पण ओल्या बादलीत टाकतात, माती आहे म्हणून. पूर्वी ती मातीच होती. आता घरात पॉलिएस्टरचे पडदे, कुशन, लेगिंग, पांघरुणं, त्यामुळे घरातल्या धुळीत कृत्रिम धागे भरपूर असतात. केर खतात नको, व्हॅक्युम क्लीनरची पिशवी तर नकोच.

एवढं वाचून दमला असाल पण यातल्या दुधाचा कोपरा, सिंकचा गाळ, सुतळी आणि स्टिकर एवढ्या चारच गोष्टी घरातल्या सगळ्यांनी धरल्या तरी घरच्या खतात फरक दिसेल, बाकीचं सणासुदीचं आहे.

आता सोसायटी. तिथे गोष्ट वेगळी आहे आणि जास्त गंभीर आहे, कारण तिथे श्रेडर आहे, म्हणजे कचरा कापून बारीक करणारं यंत्र. दुधाचा कोपरा घरच्या बास्केटमध्ये गेला तर तो एक तुकडा असतो आणि खत चाळताना सापडतो. श्रेडरमध्ये पिशवी गेली की ती परत सापडत नाही. हिशोब करून बघा, २५ बाय ३० सेंटिमीटरची एक साधी पातळ पिशवी, दोन्ही बाजू धरून १,५०० चौरस सेंटिमीटर प्लास्टिक झालं, त्याचे ५ मिलिमीटरचे चौकोनी तुकडे केले तर ६,००० होतात. एका पिशवीचे. आणि तुमच्याकडे घरटी कचरा कशातून खाली येतो? पिशवीला गाठ मारून. खाली मशीन चालवणाऱ्या माणसाने शंभर-दोनशे पिशव्या एकट्याने फोडायच्या, उलट्या करायच्या, आत हात घालून चमचा, डायपर, चटणीच्या पुड्या शोधायच्या, आणि हे सगळं सकाळच्या दोन तासांत. सुटतंच थोडं. त्याला बोल लावू नका, चूक वरच्या मजल्यांवर झालेली असते.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं आणि पुणे महापालिका गांडूळखताला मिळकतकरात सवलत देते, त्यामुळे सोसायट्यांनी मशीनं घेतली, चांगलंच झालं. पण मशीन घेताना सगळे विचारतात वास येतो का, वीज किती लागते, किती तासांत खत होतं, आणि मशीनच्या आधी कचरा पसरून निवडायला टेबल कुठे ठेवणार हे कोणी विचारत नाही. मला विचाराल तर ते टेबल मशीनइतकंच महत्त्वाचं आहे. पत्र्याचं, कमरेएवढ्या उंचीचं, वर चांगला उजेड, हातमोजे, आणि त्या माणसाला या कामाचा वेगळा पगार. कमिटीच्या मीटिंगमध्ये तुम्ही मांडायचं ते हे.

आणि पिशवी बंद. म्हणजे कुठलीच पिशवी नाही. बादली घेऊन खाली यायचं, पिंपात उलटी करायची, नळावर विसळायची, वर न्यायची. बादलीचा तळ चिकट होतो म्हणून लोक कुरकुर करतात, त्याला तळाशी वर्तमानपत्राचा एक कागद घाला, साधा, चकचकीत पुरवणी नाही. तो कागद खतात गेला तरी चालतो.

बायोडिग्रेडेबल पिशव्यांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण कमिटीने चांगल्या हेतूनेच सुचवलंय आणि तुम्हाला मीटिंगमध्ये उत्तर द्यावं लागेल. बाजारात तीन प्रकारचा माल एकाच नावाने विकला जातो. एक म्हणजे साधं प्लास्टिक ज्यात एक रसायन घालून ते उन्हात-हवेत लवकर चुरा होईल असं केलेलं असतं, त्याला ऑक्सो-डिग्रेडेबल म्हणतात. ते कुजत नाही, फक्त तुटतं, म्हणजे मायक्रोप्लास्टिक बनवायची सोय करूनच ते विकलेलं असतं, आणि युरोपियन युनियनने त्यावर २०२१ पासून बंदी घातली. दुसरं म्हणजे खरोखर कंपोस्टेबल, ज्यावर आयएस १७०८८ हे मानक लिहिलेलं असतं. हे खरं आहे, पण त्या मानकाची परीक्षा ५८ अंश सेल्सिअसच्या आसपास घेतात, तेवढी उष्णता मोठ्या प्रकल्पातल्या ढिगात आठवडेच्या आठवडे टिकते, आपल्या २०-२५ लिटरच्या बास्केटमध्ये टिकत नाही. आणि परीक्षेत १२ आठवड्यांनंतरही २ मिलिमीटरच्या चाळणीवर दहा टक्के माल उरलेला चालतो. तिसरं म्हणजे घरी कुजेल असं लिहिलेलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने ब्रिटनभरच्या लोकांना त्यांच्या परसातल्या खतात अशा वस्तू टाकून बघायला सांगितलं आणि २०२२ मध्ये निकाल दिला की घरी कुजेल असा दावा असलेल्या वस्तूंपैकी ६० टक्के पूर्ण विरघळल्याच नाहीत. आता तुमच्या सोसायटीत हे वाटलं तर काय होणार, पिशवी कंपोस्टेबल आहे म्हणून लोक निश्चिंत होणार, गाठ मारून टाकणार, मशीनवाला माणूस पण फोडणार नाही, आणि त्यातून येणारी साधी हिरवी पिशवी कुठली आणि कंपोस्टेबल हिरवी कुठली हे पहाटेच्या उजेडात त्याला कळणार कसं? सगळं एकत्र श्रेडरमध्ये. म्हणून म्हणते थांबवा. तेवढ्या पैशात टेबल होईल.

अजून दोन गोष्टी सोसायटीत जाऊन बघाच. एक, मशीनमध्ये भुसा कुठला घालतात. सुताराकडचा फर्निचरचा भुसा असेल तर त्यात प्लायवुडचा गोंद आणि सनमायकाचा चुरा असतो, म्हणजे खत करायला म्हणून आपण वरून प्लास्टिक विकत आणून घालतोय. वखारीतला साध्या लाकडाचा भुसा आणा, नाहीतर आवारातला पालापाचोळा बारीक करून घाला, तो फुकट आहे आणि एरवी जाळला जातो, त्यापेक्षा हे किती बरं. दुसरं, तयार खत कशात भरून ठेवतात. सिमेंटच्या जुन्या पांढऱ्या गोण्यांत भरून गच्चीवर उन्हात ठेवलं असेल तर तुमचे पांढरे तुकडे कचऱ्यातले नसून गोणीचेच असू शकतात. ती गोणी पॉलिप्रॉपिलीनच्या पट्ट्यांनी विणलेली असते, ऊन लागलं की काही महिन्यांत हात लावला तरी पिठासारखी झडते. तुमच्या गच्चीवर पण बघा, जुन्या ग्रो-बॅग, फाटलेली शेडनेट, उन्हाने पांढुरकी पडलेली कुंडी, नखाने खरवडून भुकटी निघत असेल तर ती बदला. कधी कधी सगळे जण बिचाऱ्या खताकडे बोट दाखवतात आणि प्लास्टिक वरच्या शेडनेटमधून पडत असतं.

खत विकत आणायचा विचार असेल तर पिशवीवर सरकारी मानकाचा उल्लेख असला तरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय घेऊ नका. शहरी कंपोस्टच्या मानकात ओलावा, कार्बन, नत्र, स्फुरद, पालाश, शिसं, पारा, कॅडमियम असं बरंच बघतात आणि चांगलं आहे ते, आणि ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून गेला पाहिजे असं म्हणतात. पण त्याच चाळणीतून बारीक प्लास्टिक पण जातं. युरोपच्या नियमात प्लास्टिकची मर्यादा आहे, २ मिलिमीटरपेक्षा मोठं प्लास्टिक एका किलो कोरड्या खतात ३ ग्रॅमपर्यंत, ती जुलै २०२६ पासून अडीच ग्रॅमवर आणायची तरतूद आहे. ऐकायला कमी वाटतं, पण पातळ पिशवी वजनाला नसतेच काही. २० मायक्रॉनची ३ ग्रॅम पिशवी म्हणजे पसरली तर ए-फोरचे अडीच कागद झाकतील एवढी. वजनाच्या मर्यादेवर पूर्ण भरवसा ठेवायचा नाही तो यासाठी.

आता भाजीचं, जे तुमच्या मनात सगळ्यात वर असणार. जे तुकडे डोळ्यांना दिसतात ते मुळातून वर चढत नाहीत, मुळाच्या मानाने ते फार मोठे आहेत. प्रयोगशाळेत २०२० मध्ये गहू आणि लेट्युसवर केलेल्या अभ्यासात असं दिसलं की २ मायक्रॉनपर्यंतचे अगदी सूक्ष्म कण, नवीन उपमुळं फुटतात तिथल्या फटीतून आत जाऊ शकतात. म्हणजे सासूबाई म्हणतात तसं "काही होत नाही" म्हणून सोडून द्यायचं नाही, आणि मुलगी म्हणते तसं उद्यापासून बागच बंद असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पिण्याच्या पाण्यातल्या मायक्रोप्लास्टिकबद्दल सांगितलं होतं की १५० मायक्रॉनपेक्षा मोठे कण शरीरात शोषले जाण्याची शक्यता कमी आहे, आणि सूक्ष्म कणांवर आणखी अभ्यास व्हायला हवा. प्लास्टिक आपल्याकडे पाण्यातून, मिठातून, घरातल्या धुळीतून येतंच आहे, त्यात आपल्या हाताने भर घालायची नाही एवढं आपल्या ताब्यात आहे. पालेभाजीला मातीचे शिंतोडे उडतात आणि पानांच्या बेचक्यात बसतात, भाजी दोन-तीन पाण्यातून धुतली की बरंचसं निघून जातं. मुळा, गाजर, बीट हे मातीतच वाढतात म्हणून त्यांच्या कुंडीत घरचं निवडलेलं खतच घाला.

घरात असलेल्या सोसायटीच्या खताचं काय करायचं ते सांगते. आधी पूर्ण वाळवा पण सावलीत, वारा नसलेल्या जागी, मग आधी जाड आणि मग बारीक चाळणीने चाळा, वर राहिलेल्यातलं प्लास्टिक हाताने वेचा. वेचताना एक होतं, लसणाचे पापुद्रे, कांद्याची पातळ सालं, अंड्याच्या टरफलाच्या आतला पडदा हे हुबेहूब प्लास्टिकसारखं दिसतं आणि माणूस उगाच घाबरतो. शंका आली की सुई चिमट्यात धरून गॅसवर गरम करा आणि तुकड्याला टेकवा, प्लास्टिक आकसतं किंवा वितळून चिकटतं, साल नुसती करपते. खिडकीजवळ करा, आणि हे मुलीला करायला द्या, तिला आवडेल. अजून एक परीक्षा म्हणजे मूठभर खत काचेच्या बरणीत घ्यायचं, पाण्यात मीठ विरघळेपर्यंत घालायचं, ते ओतून ढवळायचं आणि तासभर ठेवायचं. पिशव्यांचं, दुधाच्या कोपऱ्याचं, सुतळीचं प्लास्टिक तरंगतं, काड्या पण तरंगतात त्या बाजूला करा. शीतपेयाच्या बाटलीचं किंवा पीव्हीसीचं प्लास्टिक मात्र मिठाच्या पाण्यातही तळाशी बसतं, त्यामुळे वर काही नाही म्हणजे खत एकदम स्वच्छ असं समजू नका, पण या महिन्याचं आणि तीन महिन्यांनंतरचं खत एकाच पद्धतीने तपासून शेजारी शेजारी ठेवलंत तर कमिटीला दाखवायला याच्यापेक्षा चांगलं काही नाही. परीक्षा केलेलं खारट खत कुंडीत घालू नका.

चाळून वेचलेलं हे खत जास्वंद, मोगरा, कण्हेर, तुळशी सोडून बाकी शोभेची झाडं यांच्या कुंड्यांत घाला. कुंडीतच, जमिनीत नाही. कुंडीत असेल तर कधीतरी माती बदलताना ते परत हातात येतं. खुल्या जमिनीत पसरलं की संपलं, गांडुळं ते आपल्या बिळांतून खाली खाली नेतात, हॉलंडमधल्या वाखेनिंगेन विद्यापीठाच्या प्रयोगांत हे दिसलंय, आणि एकदा खाली गेलेलं प्लास्टिक कुठल्याच चाळणीने वर येत नाही.

मुलगी म्हणते ओला कचरा गाडीला द्या, त्याबद्दल तिला एवढंच विचारा की गाडी तो कुठे नेते. फुरसुंगी-उरुळी देवाचीच्या लोकांनी पुण्याचा कचरा किती वर्षं सोसला ते तिला वाचायला सांगा. तुमच्याकडच्या ओल्या कचऱ्यातलं प्लास्टिक गाडीत टाकल्याने नाहीसं होत नाही, ते फक्त दुसऱ्या कोणाच्या तरी दारात जातं, आणि ओला कचरा डेपोत दबून सडला की मिथेन निघतो तो वेगळाच. घरी खत केलं तर निदान ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. तिचा राग खरा आहे, तिला सोसायटीच्या त्या निवडायच्या टेबलाचं काम अंगावर घेऊ द्या, पोरं मागे लागली की मोठी माणसं ऐकतात.

राहता राहिली शेतात पाठवायची पोती. दिरांना फोन करून सांगा की यंदा नाही. भाजीपाल्याच्या शेतात आधीच वाफ्यावर अंथरायच्या २५-३० मायक्रॉनच्या प्लास्टिकच्या मल्चिंग पेपरचे तुकडे मातीत राहिलेले असतात, काढायचा म्हटला तरी तो पातळ कागद पूर्ण निघत नाही, त्यात शहरातून आपण अजून भर कशाला पाठवायची. ही बॅच कुंड्यांत जाऊ द्या. सोसायटीत पिशवी बंद झाली, टेबल आलं आणि मिठाच्या पाण्यात तुम्हाला बरणीच्या वर फरक दिसायला लागला की त्या बॅचमधलं खत चाळून पाठवा, आणि पाठवताना सिमेंटच्या गोणीत नको, तागाच्या पोत्यात भरा, मार्केट यार्डात धान्याची जुनी पोती मिळतात.